लिनक्सच्या मेनूतून आयकॉन गायब? खर्चाचा हिशेब आधी मांडा

मेनू उघडला तर प्रोग्रामचे नाव जागेवर आहे, पण शेजारचे चित्र नाही. त्या जागी कोरा चौकोन किंवा दातेरी चक्र दिसते. नावावर क्लिक केले की प्रोग्राम नेहमीसारखा उघडतो. काम अडलेले नाही, पण काहीतरी बिघडले आहे ही रुखरुख लागते. दुकानात विचारले तर 'फॉरमॅट मारून देतो' असे उत्तर येऊ शकते. ते उत्तर स्वीकारण्याआधी हे वाचा.

थोडक्यात सांगायचे तर गेलेला आयकॉन परत आणायला बहुतेक वेळा शून्य रुपये आणि पाच ते तीस मिनिटे लागतात. काही दुरुस्त्यांना थोडा डेटा लागतो. पैसे मोजायची वेळ येते ती आयकॉनमुळे नव्हे, डिस्क खराब होत असेल तर. आणि फॉरमॅट हा या बिघाडावरचा सर्वांत महाग इलाज आहे, शिवाय तो लागू पडेलच असेही नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून घेतलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. इथल्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंगची शंका आली तर पहिली काही अक्षरे टाइप करून टॅबचे बटण दाबा, उरलेले नाव संगणक पुरे करतो.

आयकॉन येतो कुठून?

लिनक्समध्ये प्रोग्राम आणि त्याचे चित्र वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. प्रोग्राम इन्स्टॉल होताना मेनूसाठी एक छोटी मजकूर फाइल ठेवली जाते, तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असते. तिच्यात प्रोग्रामचे नाव, तो चालवण्याची आज्ञा आणि 'आयकॉन' अशी एक ओळ असते. या ओळीत बहुधा चित्राचे नुसते नाव असते. ते चित्र कुठे आहे आणि किती मोठे आहे, हे लिहिलेले नसते.

चित्र शोधायचे काम डेस्कटॉपचे. तो आधी तुम्ही निवडलेल्या आयकॉन थीममध्ये बघतो. तिथे नसेल तर त्या थीमने आपल्या मागे ज्या थीमची नावे लावली आहेत, त्यांत बघतो. तिथेही नसेल तर 'हायकलर' नावाच्या सर्वांच्या सामाईक थीममध्ये आणि शेवटी 'पिक्समॅप्स' या जुन्या फोल्डरात. हा क्रम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या नियमावलीतला आहे. रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० साली हा प्रकल्प सुरू केला. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई आणि मिंटचा सिनॅमन हे सारे हाच नियम पाळतात, त्यामुळे डेस्कटॉप कोणताही असला तरी दुरुस्तीची दिशा सारखीच राहते.

दर वेळी हजारो फाइली चाळायला नकोत म्हणून थीमच्या फोल्डरात एक तयार सूचीही ठेवलेली असते. तिला आयकॉन कॅश म्हणतात. म्हणजे बिघाडाच्या जागा चारच: मेनूची फाइल, चित्राची फाइल, थीम आणि सूची. यांतली एकही दुरुस्त करायला सगळी सिस्टिम पुसावी लागत नाही.

आधी फुकटची तपासणी

पहिला प्रश्न: नेमके काय गेले आहे? एकाच प्रोग्रामचे चित्र गेले असेल तर दोष त्या प्रोग्रामच्या फाइलींत शोधायचा. फोल्डर, बटणे, सेटिंग्ज अशी सगळीकडची चित्रे गेली असतील तर दोष थीममध्ये किंवा अर्धवट राहिलेल्या अपडेटमध्ये असतो. मेनूत चित्र आहे, पण चालू प्रोग्रामच्या पट्टीत दातेरी चक्र दिसते, हा तिसरा प्रकार. घड्याळाशेजारची छोटी चित्रे दिसत नाहीत, हा चौथा.

दुसरी गोष्ट: लॉग आउट करून पुन्हा आत या. सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबले तरी डेस्कटॉप नव्याने सुरू होतो आणि उघडे प्रोग्राम बंद होत नाहीत. एक्सएफसीईच्या पट्टीसाठी 'एक्सएफसीई४-पॅनेल -आर' ही आज्ञा आहे. नवा प्रोग्राम नुकताच घातला असेल, विशेषतः फ्लॅटपॅक या प्रोग्राम घालण्याच्या वेगळ्या पद्धतीने, तर अनेकदा एवढ्यावरच भागते. फ्लॅटपॅक आपल्या मेनू-फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि त्या फोल्डरचा पत्ता डेस्कटॉपला लॉग इन होताना कळतो.

तिसरी तपासणी सर्वांत मोलाची. सेटिंग्जमधून एक नवा वापरकर्ता तयार करा आणि त्या खात्यात शिरून बघा. तिथे आयकॉन नीट दिसले तर सिस्टिम शाबूत आहे, दोष तुमच्या होम फोल्डरातल्या सेटिंग्जमध्ये आहे. तिथेही दिसले नाहीत तर दोष सिस्टिमच्या फाइलींत. पुढचे सगळे निर्णय या एका उत्तरावर ठरतात. तपासणी झाली की ते खाते काढून टाका.

चौथी: डिस्कवर जागा आहे ना? 'डीएफ -एच' ही आज्ञा दिली की कोणता भाग किती टक्के भरला आहे ते कळते. डिस्क काठोकाठ भरली तर नवी सूची लिहिली जात नाही, बदललेल्या सेटिंग्जही टिकत नाहीत. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने निरुपयोगी झालेली जुनी पॅकेजे निघतात. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' ने फ्लॅटपॅकचा वापरात नसलेला पसारा निघतो.

खर्च: शून्य रुपये, शून्य डेटा, दहा-पंधरा मिनिटे.

दुरुस्त्या: स्वस्तापासून पुढे

१. थीम मूळ जागी आणा. इंटरनेटवरून उतरवलेल्या देखण्या थीममध्ये सगळ्या प्रोग्रामची चित्रे असतातच असे नाही. अशी थीम दुसऱ्या एखाद्या थीमवर टेकलेली असते आणि ती दुसरी तुमच्याकडे नसते. मग शोध थेट हायकलरवर येतो. तिथे प्रोग्रामची स्वतःची चित्रे सापडतात, पण फोल्डर आणि बटणांची सामान्य चित्रे नसतात. सगळीकडे भोके पडल्यासारखी दिसतात ती यामुळे. सेटिंग्जमधल्या थीम विभागात जाऊन मिंटवर 'मिंट-वाय', उबुंटूवर 'यारू', केडीईवर 'ब्रीझ' निवडा. चित्रे परतली तर दोष कुठे होता ते कळले.

खर्च: शून्य रुपये, दोन मिनिटे.

२. सूची नव्याने तयार करा. चित्राची फाइल हाताने कॉपी करून हायकलरच्या आतल्या फोल्डरात टाकली असेल तर ती दिसेलच असे नाही. सूची जुनी झाली का, हे संगणक बाहेरच्या मुख्य फोल्डरच्या तारीख-वेळेवरून ठरवतो. आतल्या फोल्डरात फाइल टाकल्याने बाहेरच्याची वेळ बदलत नाही, म्हणून जुनीच सूची खरी धरली जाते. 'सुडो जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश -एफ' आणि पुढे हायकलर फोल्डरचा पत्ता, एवढी आज्ञा पुरते. केडीई स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. तिथे 'केबिल्डसायकोका' या नावाची आज्ञा आहे, प्लाझ्मा ५ वर तिच्या शेवटी ५ आणि प्लाझ्मा ६ वर ६ लावायचा.

खर्च: शून्य रुपये, शून्य डेटा, पाच मिनिटे.

३. एकाच प्रोग्रामचे चित्र हाताने लावा. सिनॅमनमध्ये मेनूच्या बटणावर उजवी क्लिक करून 'कॉन्फिगर' निवडा आणि तिथून मेनू एडिटर उघडा. प्रोग्राम निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये चित्रावर क्लिक केले की दुसरे चित्र निवडता येते. चित्र पीएनजी किंवा एसव्हीजी प्रकारचे असावे आणि डाउनलोड्समध्ये पडून राहणार नाही अशा ठिकाणी ठेवलेले असावे. फाइल हलली की आयकॉन पुन्हा जाणार.

या दुरुस्तीला एक छुपा खर्च आहे. असा बदल केला की मेनू-फाइलची प्रत तुमच्या होम फोल्डरात तयार होते आणि पुढे मेनू तीच वाचतो. अपडेटने मूळ फाइल बदलली तरी तुमची प्रत जुनीच राहते. उबुंटूवरच्या स्नॅप प्रोग्रामांत हे हमखास नडते. स्नॅप आपल्या चित्राच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक घालतो. नव्या आवृत्त्या आल्या की जुनी पुसली जाते आणि तुमच्या प्रतीतला पत्ता नसलेल्या फोल्डराकडे बोट दाखवत राहतो. उपाय सोपा आहे: प्रतीतल्या त्या क्रमांकाच्या जागी 'करंट' हा शब्द घाला, किंवा प्रतच काढून टाका म्हणजे मूळ फाइल पुन्हा वापरात येते. या प्रती होम फोल्डरातल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरात, 'शेअर'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये असतात. लपलेले फोल्डर कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतात.

खर्च: शून्य रुपये, दहा मिनिटे.

४. अर्धवट अपडेट पुरे करा. अपडेट चालू असताना वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर पॅकेजे अर्धी बसतात. भारनियमनाच्या भागात ही नेहमीची गोष्ट. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि नंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' या दोन आज्ञा राहिलेले काम पुरे करतात. पीएनजी चित्रे दिसतात, पण एसव्हीजी प्रकारची एकही दिसत नाही, असे असेल तर 'लिबआरएसव्हीजी२-कॉमन' हे पॅकेज पुन्हा बसवा. जीटीके पद्धतीच्या अनेक प्रोग्रामांना एसव्हीजी वाचता येते ते त्याच्या जोरावर.

खर्च: शून्य रुपये, डेटा राहिलेल्या अपडेटइतका, दहा ते वीस मिनिटे.

५. थीमचे पॅकेज पुन्हा बसवा. मिंटमध्ये सिनॅप्टिक हा पॅकेज मॅनेजर असतो, उबुंटूवर तो वेगळा पण फुकट घेता येतो. त्यात 'आयकॉन थीम' शोधा, वापरातली थीम आणि हायकलर या दोहोंवर उजवी क्लिक करून पुन्हा इन्स्टॉल करण्यासाठी खूण करा आणि 'अप्लाय' दाबा. टर्मिनलमधून करायचे असेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचे नाव. इंटरनेटवरून काही उतरवायचे असेल तर किती डेटा लागेल तो आकडा एपीटी छापून दाखवतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ती ओळ वाचूनच पुढे जा.

केडेनलाइव्ह किंवा ओक्युलरसारखे केडीईचे प्रोग्राम दुसऱ्या डेस्कटॉपवर चालवताना आतल्या बटणांवरची चित्रे गायब असतील तर 'ब्रीझ-आयकॉन-थीम' हे पॅकेज घाला. ही चित्रे हरवलेली नसतात, मुळात आलेलीच नसतात.

खर्च: शून्य रुपये, छापून येईल तेवढा डेटा, दहा मिनिटे.

६. मागच्या तारखेला जा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हा प्रोग्राम आधीपासून असतो, पण तो चालू करून ठेवण्याचे काम आपले. आयकॉन जाण्याआधीची नोंद त्याच्याकडे असेल तर सिस्टिमच्या फाइली त्या दिवसासारख्या करता येतात. होम फोल्डर तो सहसा धरत नाही, त्यामुळे तुमचे दस्तऐवज जागेवर राहतात. पण त्याच कारणाने होममधल्या सेटिंग्जचा दोष त्याने जात नाही. नव्या वापरकर्त्याची तपासणी आधी करायची ती यासाठीही.

खर्च: शून्य रुपये, अर्धा तास आणि नोंदी साठवण्यापुरती डिस्कवरची जागा.

बिघाड नसलेले बिघाड

काही चित्रे मुद्दाम काढलेली असतात. ती परत आणून देतो म्हणून कुणाला पैसे देऊ नका.

घड्याळाशेजारची छोटी चित्रे ग्नोमने २०१७ मध्ये ३.२६ या आवृत्तीपासून दाखवणे बंद केले. ॲपइंडिकेटर हे मोफत एक्स्टेंशन घातले की ती परत दिसतात. उबुंटू ते आधीपासून देतो. मिंटच्या सिनॅमनमध्ये ही चित्रे दिसत नसतील तर पट्टीवरचे 'एक्सॲप स्टेटस' हे ॲपलेट चुकून काढले गेले आहे का ते बघा. डेस्कटॉपवरची फाइल-फोल्डरची चित्रेही ग्नोमने २०१८ मध्ये ३.२८ पासून काढली. उबुंटूने त्यासाठी स्वतःची सोय ठेवली आहे.

चालू प्रोग्रामच्या पट्टीत दातेरी चक्र दिसणे हा निराळा गोंधळ. चालू खिडकी आपली जी ओळख सांगते ती मेनू-फाइलशी जुळली नाही की डेस्कटॉप सामान्य चित्र लावतो. खिडक्या दाखवण्याच्या वेलँड या नव्या पद्धतीत खिडकीची ओळख आणि मेनू-फाइलचे नाव एक असावे लागते. जुन्या एक्स पद्धतीत मेनू-फाइलमध्ये 'स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास' ही ओळ नीट असली की काम होते. केडीईमध्ये अशा वेळी वेलँडचे बोधचिन्ह दिसते.

ॲपइमेज म्हणून मिळणारे प्रोग्राम एकाच फाइलमध्ये असतात आणि स्वतःहून मेनूत येत नाहीत. गिअर लीव्हरसारखे मोफत साधन त्यांना मेनूत आणते. त्यानंतर ती फाइल दुसरीकडे हलवू नका.

फॉरमॅट किती महाग?

आधी डेटा बघू. मिंटची इन्स्टॉल करायची फाइल साधारण तीन जीबीची असते. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल प्लॅन असेल तर पुरे दोन दिवस तिथेच गेले, आणि इन्स्टॉल झाल्यावरची अपडेट वेगळी. उबुंटूची फाइल याहून बरीच मोठी.

आता वेळ. बॅकअप घेणे, पेनड्राइव्ह तयार करणे, इन्स्टॉल, अपडेट, प्रिंटर, मराठी टायपिंगसाठी आयबसमधला कीबोर्ड, ब्राउझरमधले पासवर्ड. अर्धा दिवस सहज जातो.

आणि रुपये. हिशेबासाठी घरी येण्याचे ५०० आणि इन्स्टॉलचे ८०० धरू. तुमच्या गावचा दर इथे घाला. एकूण १,३००. त्यावर १८ टक्के जीएसटीचे २३४ रुपये धरले की १,५३४. एवढे देऊन आयकॉन परत येतील का? दोष होम फोल्डरातल्या सेटिंग्जमध्ये असेल आणि बॅकअपमधून ते फोल्डर लपलेल्या फाइलींसकट परत आणले तर दोषही परत येईल. आणले नाही तर आयकॉन दिसतील, पण ब्राउझरच्या खुणा आणि मेलची मांडणी जाईल.

खरोखर पैसे कधी लागतात?

आयकॉनबरोबर फाइली उघडताना अडत असतील, डिस्क 'रीड-ओन्ली' झाल्याचा संदेश येत असेल किंवा दुरुस्त केलेले आयकॉन थोड्या दिवसांत पुन्हा जात असतील तर डिस्क तपासा. 'डिस्क्स' या प्रोग्राममध्ये डिस्क निवडून मेनूतून 'स्मार्ट' चाचणी चालवता येते. ती फुकट आहे. चाचणीत डिस्क नापास झाली तर त्याच दिवशी बॅकअप घ्या आणि नव्या एसएसडीचा भाव काढा. इथला खर्च टाळण्यात शहाणपण नाही, कारण पुढचे नुकसान चित्रांपुरते राहणार नाही.

आयकॉनसाठी बाकी काही विकत घेऊ नका. उबुंटू प्रो वैयक्तिक वापराला पाच संगणकांपर्यंत मोफत आहे, पण ती सुरक्षा अपडेटची सोय आहे, त्याने आयकॉन सुधारत नाहीत. झोरिन ओएसची प्रो आवृत्ती विकत मिळते, तिच्यात जादा मांडण्या आणि रूपे आहेत. ती आवडली म्हणून घ्या, बिघाडावरचा उपाय म्हणून नको. चांगल्या आयकॉन थीम मोफत मिळतात. पॅपिरस ही त्यांतली एक, आणि ती उबुंटूच्या भांडारातच आहे.

दुकानात गेलातच तर

घरातल्या ज्येष्ठांना टर्मिनल नको वाटते, किंवा कुणाला वेळच नसतो. तेव्हा दुकान हा रास्त पर्याय आहे. फक्त काम सांगताना 'कॉम्प्युटर बिघडलाय' असे सांगू नका. 'थीम आणि आयकॉन कॅश दुरुस्त करा, होम फोल्डरला हात लावू नका, फॉरमॅट करायचा असेल तर आधी विचारा' असे सांगा आणि ते पावतीवर लिहून घ्या. दर कामाचा आहे की तासाचा, हेही आधीच ठरवा.

बिलावर जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणी नसताना कर आकारता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. न विचारता डेटा पुसला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरले तर ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणाला शुल्क नाही.

फोनवरून 'स्क्रीन शेअर करा, दोन मिनिटांत करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा देऊ नका. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

कोणत्याही मार्गाने आयकॉन परत आले की त्याच बसणीत टाइमशिफ्ट चालू करून ठेवा आणि एक नोंद घेऊन टाका. पुढच्या वेळी अपडेटने चित्रे नेली तर दुरुस्तीचा खर्च त्या अर्ध्या तासापुरताच राहील.